गळा मोकळा, कपाळ मोकळं

चेन्नईच्या टी. नगरमध्ये संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते. सराफांच्या पेढ्या अशा ओळीने उभ्या की डोळे दिपावेत! तमिळ घरात मुलगी जन्मली की आईच्या मनात सोन्याचा हिशेब सुरू होतो. गळ्यात ताली, म्हणजे तिकडचं मंगळसूत्र, हातात बांगड्या, वेणीत मोगऱ्याचा गजरा, कपाळावर कुंकू. एवढं झाल्याशिवाय सवाष्णीचं रूप पुरं होत नाही.

त्याच शहरात रविवारी सकाळी बायबल घेऊन निघालेल्या काही बायका वेगळ्या उठून दिसतात. साडी पांढरी किंवा फिकट. नाक, कान, गळा मोकळा. केसात फूल नाही. परक्याला वाटावं, कुणी विधवा असेल. पण शेजारून नवरा चालत असतो.

या पेंटेकोस्टल पंथाच्या बायका. ताम्बरमजवळ इरुम्बुलियूरला ‘द पेंटेकोस्टल मिशन’चं मुख्यालय आहे. मूळचे केरळचे पास्टर पॉल यांनी १९२०च्या दशकात सिलोनमध्ये, म्हणजे आजच्या श्रीलंकेत, हे मिशन सुरू केलं. त्याचे पूर्णवेळ सेवक अविवाहित राहतात, पांढरेच कपडे घालतात आणि आजारपणात औषधाऐवजी प्रार्थनेवर भिस्त ठेवतात. सभासद मात्र चारचौघांसारखे संसारी. तरी दागिना त्यांनाही वर्ज्यच.

आधार बायबलचाच. पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात आणि पेत्राच्या पहिल्या पत्रात स्त्रियांना सांगितलं आहे, की शोभा सोन्यामोत्यांत नसून स्वभावात असावी. इंग्लंडमध्ये जॉन वेस्ली यांनी १७६०मध्ये आपल्या मेथडिस्ट अनुयायांसाठी पोशाखावर खास उपदेश छापला होता. ती शिकवण अमेरिकेतल्या पावित्र्य चळवळीत मुरली आणि तिथून पेंटेकोस्टल मंडळींत आली. लॉस एंजेलिसमधल्या अझुसा स्ट्रीटवर १९०६मध्ये या पंथाची लाट उसळली. पण त्याच्या वर्षभर आधीच, १९०५मध्ये, आपल्या केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये मुली तासन्‌तास रडून प्रार्थना करू लागल्या होत्या. पांढरं सुती लुगडं हा रमाबाईंचा नेहमीचा वेश. पण त्या विधवा होत्या, त्यामुळे त्यांच्या पांढऱ्या वस्त्राचं कुणाला कोडं पडलं नाही.

चेन्नईतल्या सवाष्णीचं तसं नाही. तमिळनाडूत कॅथलिक आणि सी.एस.आय. चर्चची जोडपीसुद्धा लग्नात ताली बांधतात, फक्त तिच्यावर क्रूस असतो. कडक पेंटेकोस्टल मंडळींना तीही नको. मग सासूबाई विचारतात, माझा मुलगा जिवंत असताना हिने गळा ओका का ठेवला? प्रश्न साधा, पण घर हादरवणारा. अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ नॅथॅनियल रॉबर्ट्‌स यांनी चेन्नईच्या झोपडवस्तीतल्या पेंटेकोस्टल श्रद्धेवर २०१६मध्ये पुस्तक प्रसिद्ध केलं. तिथे प्रार्थनेला येणाऱ्या बहुतेक बायकाच. अशा घरात नवरा हिंदूच राहिलेला असला, तर ताली काढणं म्हणजे सगळ्या वस्तीसमोर त्याचं मरण बोलून दाखवण्यासारखं. काही जणी म्हणूनच ती पदराआड ठेवतात.

शिवाय गरिबाघरचं सोनं म्हणजे नुसता नट्टापट्टा नव्हे. आजारपणात, मुलांच्या फीसाठी गहाण पडतं तेच. उलट बाजूही आहे. जिच्याकडे घालायला काहीच नाही, तिला या प्रार्थनेत श्रीमंत बाईशेजारी मान खाली घालून बसावं लागत नाही. हे सुख लहान नाही.

दक्षिणेत कपड्यांची लढाई जुनीच आहे. त्रावणकोरमध्ये नाडार स्त्रियांना छाती झाकण्याची मनाई होती. ख्रिस्ती झालेल्या नाडार बायकांनी ती झुगारली, मारहाण सोसली आणि अखेर १८५९मध्ये राजाने परवानगी दिली. तेव्हा अंगावर कपडा घेणं हा हक्क होता. आज दागिना न घालणं ही अनेकींची निवड असते, तर काहींवर ती सक्तीही असते. पुरुषांच्या वाट्याला नियम थोडे, हेही सांगायला हवं. केरळच्या पेंटेकोस्टल घरांबद्दल तर टीकाकार म्हणतात, सोनं गेलं, हुंडा मात्र रोखीत राहिला.

नव्या, मोठ्या शहरी मंडळींत हे नियम बरेच सैलावले आहेत. तिथे रंगीत सलवार-कमीज दिसते, कानात बारीक रिंगाही दिसतात. जुन्या वळणाच्या घरांत अजून दागिना चालत नाही. मनगटावरचं घड्याळ चालतं. त्याचा पट्टा सोनेरी असला तर काय, यावर मात्र घरोघर वाद रंगतो.