मन म्हणतं जुनी, पार्किंग म्हणतं एकच!

एकीकडे २००२ सालची १६०० सीसी पॅलिओ, दुसरीकडे नवी कोरी टर्बो. हौस भरपूर, पण आमच्या बिल्डिंगखाली पार्किंगची जागा एकच. मग काय केलं? वाचा!

शनिवार, सकाळचे साडेसहा. या वेळेला कामोठ्यात दोनच जमाती जाग्या असतात. एक मॉर्निंग वॉकवाले आणि दुसरे मानसरोवर स्टेशनकडे पळणारे. त्या दिवशी तिसरी जमात आमची होती. मी, बाबा आणि गाडी विकायला आलेले एक काका, तिघंही एका जुन्या फियाट पॅलिओभोवती उभे. मॉडेल १.६ जीटीएक्स, साल २००२, पाटी एमएच-०६ची. म्हणजे पनवेलला स्वतःचा एमएच-४६ मिळायच्या आधीची, रायगडची.

काकांनी चावी फिरवली. इंजिनाने एकदा घसा खाकरला आणि मग असा काही आवाज काढला की दूधवाला सायकल थांबवून बघत राहिला. मी तिथेच विकेट टाकली!

आता थोडं मागे जाते. मी महापेला आयटीत आहे. सोमवार ते शुक्रवार कंपनीची बस, त्यामुळे गाडी म्हणजे माझा वीकएण्ड. आधीची छोटी हॅचबॅक दहा वर्षं इमानेइतबारे चालली, ती विकली आणि ठरवलं की या वेळी ‘फॅमिली कार’ नाही, जरा मजा येईल अशी घ्यायची. नवऱ्याची अट एकच : चार वर्षांची लेक मागे नीट बसली पाहिजे. म्हणून शॉर्टलिस्टमध्ये दोनच नावं उरली. ही पॅलिओ आणि नवी ह्युंदाई आय-२० एन लाइन.

याला स्पोर्ट्स कार म्हणतात?

तुमच्या डोळ्यांसमोर लाल फेरारी आली असेल तर सॉरी बॉस! तसं आपल्याकडेही प्रयत्न झालेत. नव्वदच्या दशकाच्या शेवटी गोव्यात ‘सॅन स्टॉर्म’ नावाची दोन सीटची, उघड्या टपाची गाडी बनली. फायबरग्लासची बॉडी आणि रेनॉचं ११४९ सीसीचं इंजिन. दिसायला झकास, पण रस्त्यावर दिसली मात्र फारच थोड्या लोकांना. नंतर २०१२च्या दिल्ली ऑटो एक्स्पोत ‘डीसी अवंती’ आली, तिचीही तीच गत. दोन सीटची गाडी घ्यायची तर घरात आधी दुसरी, चार सीटची गाडी लागते. तेवढी ऐपत आणि तेवढं पार्किंग आपल्यातल्या कितीजणांकडे असतं?

म्हणून आपल्या मध्यमवर्गीय जगातली स्पोर्ट्स कार म्हणजे हॉट हॅचबॅक. अंग छोटं, इंजिन मोठं. कॉलेजला सोडायला, भाजी आणायला आणि घाटात कान टवकारायला एकच गाडी. २००१ मध्ये पॅलिओ आली तेव्हा १.६ने नेमकं हेच केलं. १५९६ सीसी, १६ व्हॉल्व्ह, सुमारे १०० बीएचपी. त्या काळच्या छोट्या गाड्यांच्या मानाने ही ताकद म्हणजे दादागिरीच होती. जाहिरातीत कोण? तर साक्षात सचिन तेंडुलकर! २००२ मध्ये त्याने ब्रॅडमनच्या २९ कसोटी शतकांची बरोबरी केली, तेव्हा फियाटने त्याला फेरारी ३६० मोडेना भेट दिली. तो फेरारीत आणि आपण पॅलिओत, नातं तर जुळलं ना!

बाबांचा हात

खरं कारण मात्र सचिन नाही, बाबा आहेत. ते कुर्ल्याच्या कारखान्यात पेंट शॉपला होते. आधी प्रीमियर पद्मिनी, मग फियाटच्या गाड्या. पॅलिओही तिथलीच. लहानपणी शाळेत कुणी विचारलं, वडील काय करतात, की मी सांगायचे, ‘गाड्या रंगवतात.’ मुलांना वाटायचं खेळण्यातल्या! त्यामुळे बाबांच्या हातची गाडी आपल्या दारात उभी आहे, हे चित्र माझ्या डोक्यात कधीचं तयार होतं.

बाबांनी गाडीला एक फेरी मारली. दार उघडलं, बिजागरीपाशी बोट फिरवलं, रबर जरा मागे ओढून आत डोकावले. मी श्वास रोखून उभी. 

‘परत रंगवलेली आहे,’ ते म्हणाले. ‘आमचा रंग नाही हा.’

काका ओशाळले. कधीतरी डावी बाजू घासली होती म्हणे, मग सगळीच रंगवून घेतली. माझा चेहरा पडला. बाबांना त्याचं काहीच नव्हतं. ते शांतपणे ड्रायव्हरच्या सीटवर बसले आणि म्हणाले, ‘चल, बघू तरी.’

जुना रस्ता

कळंबोली, पनवेल आणि तिथून जुन्या मुंबई-पुणे हायवेने शेडुंग, चौक. पळस्प्यापर्यंत बाबा, पुढे मी. क्लच जड, पहिल्या सिग्नलला डावा पाय बोलायला लागला. एसी नावापुरता. पण एकदा रस्ता मोकळा झाला ना... काय सांगू! या इंजिनाला टर्बो नाही. त्यामुळे खालच्या आरपीएमला ते आळसावलेलं असतं. तुम्ही गिअर खाली घ्यायचा, सुई वर चढू द्यायची, मग ते जागं होतं. स्टीअरिंग जुन्या पद्धतीचं, हायड्रॉलिक. रस्त्यावरचा प्रत्येक खडा हाताला कळतो. काटा सत्तरवर होता आणि मला वाटत होतं मी रॅलीत आहे.

बाजूला बाबा खिडकीची काच खाली करून बसले होते. बऱ्याच दिवसांनी ते गाणं गुणगुणत होते.

नवा रस्ता

दुसऱ्या दिवशी ऑफिसातल्या मैत्रिणीने तिची आय-२० एन लाइन दिली. २०२१ मध्ये आलेलं हे मॉडेल. इंजिन फक्त ९९८ सीसी, पण टर्बोमुळे १२० पीएस आणि १७२ न्यूटन मीटर टॉर्क, तोही दीड हजार आरपीएमपासून. म्हणजे इथे जागं करायची भानगडच नाही, गाडी आधीपासून जागीच असते. चारही चाकांना डिस्क ब्रेक, सहा एअरबॅग, मागे मुलांची सीट अडकवायला आयसोफिक्सचे हुक.

कळंबोलीहून एक्स्प्रेसवेला लागले. गंमत बघा, हा रस्ताही पूर्ण खुला झाला तो २००२ मध्येच, पॅलिओच्याच वयाचा! सपाट भागात कारला वेगमर्यादा ताशी १०० किलोमीटर, आणि २०२४ पासून वर कॅमेऱ्यांची नजर. नव्या गाडीत शंभर केव्हा झाले ते कळलंच नाही. आवाज नाही, थरथर नाही. उलट स्वतःला आवरावं लागतं. गाडीची निम्मीअधिक ताकद चलनाच्या भीतीने झोपलेली!

इथे मला पहिला धडा मिळाला. नवी गाडी नक्कीच जास्त वेगवान आहे, पण कायद्यात बसणाऱ्या वेगात मजा जुनीच जास्त देते. मग निर्णय सोपा ना? अजिबात नाही.

म्हातारी, पण विंटेज नाही

घरी येऊन नवऱ्याने कागद आणि पेन काढलं. (तो अकाउंट्सवाला आहे, त्याचा तो रोमान्स आहे.) जुनी गाडी अडीच लाख, नवी ऑन रोड साधारण बारा लाख. सप्टेंबर २०२५ मध्ये चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी १८ टक्क्यांवर आला, म्हणून नवीचा आकडा तरी एवढा. म्हणजे जुनी साडेनऊ लाखांनी स्वस्त! पण त्यापुढची यादी बघा.

खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. नंतर दर पाच वर्षांनी आरटीओत फिटनेस आणि नूतनीकरण. २०२५च्या नियमाप्रमाणे वीस वर्षांवरच्या कारसाठी नूतनीकरणाची फी दहा हजार. वर पर्यावरण कर वेगळा. २०१९च्या एप्रिलआधीच्या गाडीला नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेटही हवी. बरं, ‘विंटेज’ म्हणून मान मिळेल म्हणावं, तर २०२१च्या केंद्रीय नियमात त्यासाठी गाडी पन्नास वर्षांवरची आणि मूळ रूपातली लागते. म्हणजे पॅलिओला २०५२ उजाडेल, तेव्हा माझी रिटायरमेंट जवळ आलेली असेल! आणि तो ‘व्हीए’ नंबर मिळाला, तरी गाडी रोज वापरता येत नाही. थोडक्यात, पॅलिओ अशा वयात आहे की तिला म्हातारपणाचा खर्च आहे, पण मान नाही.

शिवाय आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल. ही गाडी त्यासाठी बनलेलीच नाही, तेव्हा जुने रबरी पाइप आणि सील यांच्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं. फियाटच्या नावाची नवी गाडी आता आपल्याकडच्या शोरूममध्ये मिळत नाही, म्हणजे पार्टसाठी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर दुकानं पालथी घालायची. जिथे जन्मली तिथेच तिची औषधं!

तरीही हे सगळं मी केलं असतं. पैसे नाही, वेळ हा खरा प्रश्न होता. आणि एक आठवण. गेल्या पावसाळ्यात रात्री दोन वाजता लेकीला फणफणून ताप आला होता. तेव्हा मी चावी फिरवली आणि सात मिनिटांत हॉस्पिटलच्या दारात होते. त्या सात मिनिटांत मी गाडीचा एकदाही विचार केला नव्हता. काकांच्या पॅलिओत एअरबॅग नव्हत्या, आयसोफिक्स नव्हतं. घरातली एकुलती एक गाडी म्हणून तिच्यावर तेवढा भरवसा टाकायचा का?

चेक करा, मग चेक लिहा!

तुम्हीही याच पेचात असाल तर हा आमचा फंडा :

• घरात दुसरी गाडी आहे? असेल तर जुनी बिनधास्त बघा. एकच असेल तर नवी.
• महिन्यातले दोन शनिवार गॅरेजमध्ये घालवायची तयारी आहे? मेकॅनिक आधी शोधा, गाडी नंतर.
• नोंदणी कधी संपते, चेसिस नंबर आरसी बुकशी जुळतो का, विमा चालू आहे का, हे आवाज ऐकायच्या आधी बघा. आवाज ऐकल्यावर डोकं चालत नाही!
• दाराची रबरं ओढून आतला रंग बघा. बाहेरचा चकचकाट काहीच सांगत नाही.
• दोन्ही गाड्या तुमच्या नेहमीच्या रस्त्यावर, नेहमीच्या वेगात चालवा. ब्रोशरवरचा टॉप स्पीड तुम्ही कधीच गाठणार नाही.

मग घेतली कोणती?

रविवारी रात्री जेवताना मी बाबांना सांगितलं, ‘नवी घेतोय.’ वाटलं, त्यांना वाईट वाटेल. त्यांनी ताटातली भाकरी मोडली आणि म्हणाले, ‘बरं केलंस. आम्ही गाड्या रंगवल्या त्या लोकांनी चालवाव्यात म्हणून. तू कागदपत्रं घेऊन आरटीओत हेलपाटे घालावेस म्हणून नाही.’

मग मला पुन्हा सचिन आठवला. दारात एकाहून एक भारी गाड्या येऊन गेलेल्या या माणसाने २०२० मध्ये एका मुलाखतीत सांगितलं, की त्याला त्याची पहिली गाडी परत हवी आहे. साधी मारुती ८००! कुणाकडे असेल तर कळवा, असं त्याने चक्क आवाहन केलं होतं. माझंही तसंच काहीसं चाललं होतं. मला हवी होती कुर्ल्याहून रोज रंगाचा वास घेऊन घरी येणाऱ्या बाबांची आठवण. ती त्या गाडीत नव्हती, तिचा तर रंगसुद्धा दुसऱ्याने दिलेला होता. पण चौकच्या रस्त्यावर बाबा गुणगुणले, ते मात्र खरं होतं.

पुढच्या आठवड्यात काकांचा फोन आला. पॅलिओ कल्याणच्या एका मुलाने घेतली. त्याच्या वडिलांचं गॅरेज आहे. हे ऐकून बाबा जाम खूश! ‘चांगल्या घरी पडली,’ म्हणाले, जणू भाचीचं लग्न ठरलं.

आमची नवी गाडी आली त्या दिवशी हार, नारळ, पेढे सगळं झालं. मग बाबांनी दार उघडलं, रबर मागे ओढलं आणि आत बोट फिरवलं.

‘रंग बरा आहे,’ म्हणाले. ‘वीस वर्षं नीट ठेव. मग तुझी लेक हिच्यासाठी भांडेल.’