‘याचे किती येतील?’

जून २०२१ मध्ये बंगळूरच्या सर्जापूर रोड परिसरातील एका शिक्षिकेने आपल्याजवळचे १९४७ सालचे एक नाणे विकण्यासाठी इंटरनेटवर जाहिरात दिली. मागणी होती दहा लाखांची. समोरून ‘ग्राहक’ बोलला, त्याने थेट एक कोटी देऊ केले! मात्र एवढी रक्कम खात्यात जमा करायची तर आधी कर भरावा लागेल, असे सांगून त्याने पैसे मागवायला सुरुवात केली. शिक्षिकेचे सुमारे एक लाख रुपये गेले आणि ग्राहक गडप झाला. वर्तमानपत्रांतून ही बातमी आली, लोक हळहळले आणि विसरूनही गेले.

पण नाण्यांच्या छंदात मुरलेल्यांना हा प्रकार नवा नव्हता. १९४७ चा रुपया म्हणजे सहाव्या जॉर्जचा चेहरा आणि मागे वाघ असलेले निकेलचे नाणे. टांकसाळीतून ते कोट्यवधींच्या संख्येने बाहेर पडले. वापरलेल्या नाण्याला आजही सहसा काही शे रुपयांपलीकडे भाव येत नाही. कोणीही जाणता संग्राहक हे एका मिनिटात सांगू शकतो. मग असा सल्ला नवख्यापर्यंत वेळेवर का पोहोचत नाही?

एकच प्रश्न, रोजचा

आजीच्या पेटीत, देव्हाऱ्याच्या खणात, दुधाच्या जुन्या डब्यात कुठे ना कुठे चार नाणी सापडतात. मग माणूस ओळखीतून कुणा संग्राहकाचा पत्ता काढतो, किंवा नाण्यांच्या प्रदर्शनात खिशातली पुरचुंडी सोडतो. पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘याचे किती येतील?’

विचारणारा पहिल्यांदाच विचारत असतो. ऐकणारा मात्र शंभराव्यांदा ऐकत असतो. गेंड्याचे चित्र असलेले चार आणे, २०१२ चे वैष्णोदेवीचे नाणे, ट्रॅक्टरची पाच रुपयांची नोट यांना लाखोंचा भाव असल्याच्या अफवा सारख्या फिरत असतात. खरे तर २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून गेली, तेव्हा ती घरोघरी पडून राहिली. हे सांगितले की समोरच्याचा चेहरा उतरतो. काहींना तर वाटते, हा मुद्दाम कमी किंमत सांगून माल लाटू पाहतो आहे!

या संशयाला कंटाळून काही जुने संग्राहक फटकून वागू लागतात. ‘भंगार आहे’ एवढेच म्हणून हात झटकतात. त्यांची चीड समजण्यासारखी आहे, पण परिणाम वाईट होतो. अपमान झालेला माणूस पुन्हा जाणत्याच्या दारी जात नाही. तो गोड बोलणाऱ्याकडे जातो, आणि गोड बोलणे हे तर भामट्याचे भांडवलच!

‘नाही’ म्हणण्याची रीत

चांगला जाणकार ‘नाही’ म्हणताना कारणही सांगतो. १८१८ साल आणि रामदरबार कोरलेले ईस्ट इंडिया कंपनीचे ‘नाणे’ घेऊन कोणी आला, तर कंपनीच्या टांकसाळीतून असे नाणे कधी निघालेच नव्हते, हे तो समजावतो. तांदूळ ओढणाऱ्या ‘चमत्कारी’ नाण्याच्या नावाखाली किती जण लुबाडले गेले, तेही सांगतो.

मराठी घरात बहुधा शिवराई निघते. एका बाजूला ‘श्री राजा शिव’, दुसरीकडे ‘छत्रपति’. प्रत्येक शिवराई महाराजांच्या काळातली असते, असा समज आहे. प्रत्यक्षात ही नाणी महाराजांनंतरही दीर्घकाळ पाडली जात होती. हे हळुवारपणे सांगितले, तर ऐकणाऱ्याचा अभिमान दुखावत नाही, उलट कुतूहल वाढते. पैशांसाठी आलेला माणूस कधी कधी इथेच छंदाला लागतो.

जाणत्याने आणखी एक पथ्य पाळायला हवे. नाणे स्वतःला हवे असेल, तर ते किंमत सांगण्यापूर्वीच स्पष्ट सांगावे. सल्लागार आणि गिऱ्हाईक एकच असेल, तर नवख्याने दुसऱ्या ठिकाणी विचारून पाहण्यात काहीच गैर नाही.

विचारणाऱ्याने काय करावे?

पहिली गोष्ट म्हणजे नाणे घासू नये! चिंच, राख, पितांबरी यांनी नाणे लखलखते खरे, पण वर्षानुवर्षे चढलेली झाक जाते आणि तिच्याबरोबर किंमतही. नाण्याचे वजन आणि व्यास मोजून ठेवावा, दोन्ही बाजूंचे फोटो दिवसाच्या उजेडात काढावेत. निकेलचा रुपया लोहचुंबकाला चिकटतो, चांदीचा चिकटत नाही. सालाखाली खूण पाहावी. आजच्या नाण्यांवर हिरा म्हणजे मुंबई, तारा म्हणजे हैदराबाद, ठिपका म्हणजे नोएडा; खूण नसेल तर कोलकाता.

आणि ‘किती येतील’ याआधी ‘हे काय आहे’ असे विचारावे. प्रश्न बदलला की उत्तर देणाऱ्याचा सूरही बदलतो.

कायदाही ठाऊक असावा. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. ते परदेशी पाठवता येत नाही. जमिनीत पुरलेले धन सापडले, तर १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते.

विक्रीपूर्वी पैसे मागणारा ग्राहक हा ग्राहक नव्हेच. रिझर्व्ह बँकेच्या नावाने कर वा कमिशन मागितले जाते, म्हणून ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेने स्वतःच जाहीर इशारा दिला होता की, अशा व्यवहारांशी तिचा काहीही संबंध नाही. फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करावी.

शिकू इच्छिणाऱ्यांना दारे खुली आहेत. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संशोधन संस्था आहे, मुंबईत फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचे संग्रहालय आहे, आणि बंगळुरात २०२० साली भारतीय कागदी चलनाचे संग्रहालय सुरू झाले.

संग्राहकाचे वय होते, मुले परदेशी जातात, आणि आयुष्यभर जमवलेल्या नाण्यांचे पुढे काय, हा प्रश्न उभा राहतो. त्या वेळी ती ओळखणारा, जपणारा कोणी तरी हवा असतो. असा माणूस एके काळी हातात चार आण्याचे नाणे घेऊन, बावरलेल्या चेहऱ्याने त्याच्याच दारात उभा राहिलेला असू शकतो. त्याला दोन मिनिटे देण्यात जाणत्याचाही स्वार्थ आहेच!