तंबोऱ्याखालचा घूं

होम थिएटर घरात आलं की गोळीबार, घोड्यांच्या टापा सगळं कसं झकास ऐकू येतं. पण आमचे वडील ख्याल लावतात, आणि तंबोऱ्याखाली एक जाडसर ‘घूंऽऽ’ सतत लागलेला असायचा. ‘हा दुसरा तंबोरा कुणाचा?’ ते विचारायचे.

आवाज पार कमी केला तरी घूं तेवढाच. म्हणजे तो गाण्याबरोबर येत नव्हता, मागच्या दाराने घुसत होता. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० आवर्तनं घेते. हा खर्ज ५०चा नाहीतर दुप्पट १००चा असतो.

वायरमन म्हणाला, ‘काका, सबवूफरच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाका.’ त्याने घूं जातोही. पण उद्या आत बिघाड झाला, तर वीज धातूच्या भागात उतरणार आणि तिथे हात असणार आमच्या नातीचा! त्याला चहा पाजून वाटेला लावलं.

मग एकेक वायर काढत बसलो. डीव्हीडी प्लेअर काढला, घूं कायम. सेट-टॉप बॉक्समधली केबल उपसली आणि खोली गप्प! गच्चीवरून येणाऱ्या केबलची जमीन वेगळी, घरातल्या अर्थिंगची वेगळी. दोन्हींच्या विद्युतदाबात जरा फरक पडला की वायरींच्या वेटोळ्यातून प्रवाह फिरतो, आणि सबवूफर बापडा त्यालाच गाणं समजतो.

केबलच्या तोंडाशी छोटा आयसोलेटर बसवला. चित्र तसंच, घूं नाही. छपरावर डिश असेल तर मात्र दुकानदाराला आधी विचारा. डिशला त्याच वायरीतून वीज जाते आणि साधा आयसोलेटर ती अडवतो.