बोलता न येणाऱ्याची साक्ष

आठ महिन्यांच्या मुलाच्या मांडीचे हाड मोडले, तर ते कसे मोडले हे त्या मुलाला सांगता येत नाही. आईबाप एक हकीकत सांगतात आणि क्ष-किरणांचे चित्र कधीकधी निराळेच काही सुचविते. अशा वेळी न्यायाधीशाने डॉक्टरच्या शब्दावर कितपत विसंबावे, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

दिल्लीत असे प्रकरण एकाच दारी जात नाही. इजा कोणी केली हे फौजदारी न्यायालय ठरविते. मुलाला संरक्षण हवे काय, हे २०१५ च्या बाल न्याय अधिनियमान्वये बालकल्याण समिती पाहते. विभक्त पतिपत्नींपैकी मूल कोणी सांभाळावे, हा वाद द्वारका, साकेत येथील कुटुंब न्यायालयांत चालतो. फौजदारी खटल्यात गुन्हा निःसंशय सिद्ध व्हावा लागतो. ताब्याच्या वादात मात्र संभाव्यतेचे पारडे कोणीकडे झुकते, एवढेच पाहतात, आणि मुलाचे हित सर्वश्रेष्ठ मानतात. १९८४ च्या कुटुंब न्यायालय अधिनियमाच्या १४ व्या कलमाने पुराव्याच्या कायद्याचे काटेकोर नियम शिथिल केले असून, निर्णयास उपयुक्त वाटेल तो अहवाल न्यायालयास स्वीकारता येतो. परंतु अहवाल स्वीकारणे वेगळे आणि त्यावर विश्वास ठेवणे वेगळे.

काही जखमा स्वतःच बोलतात. जानेवारी २०१२ मध्ये दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत दोन वर्षांची एक बालिका आणली गेली. तिच्या डोक्याला गंभीर दुखापत होती आणि अंगावर चाव्याच्या खुणा होत्या. मार्चमध्ये ती दगावली. चाव्याच्या खुणा पडण्याने उमटत नाहीत.

सर्वच प्रकरणे इतकी उघड नसतात. आपल्याकडील पुष्कळ नवजात मुलांच्या पाठीवर जन्मतःच निळसर डाग असतात. अनभिज्ञास ते माराचे वळ वाटतात. मुडदूस किंवा हाडे ठिसूळ करणारा आनुवंशिक विकार असला, तर अल्प आघातानेही हाड मोडते. रक्त न गोठण्याच्या विकारात सहज काळेनिळे पडते. वळाच्या रंगावरून तो किती दिवसांचा, हेही खात्रीने सांगता येत नाही.

मारहाण झालेल्या मुलांची लक्षणे अमेरिकेतील डॉ. हेन्री केंप व त्यांचे सहकारी यांनी १९६२ मध्ये मांडली आणि वैद्यकाचे डोळे उघडले. पण अतिविश्वासही घातक ठरतो. इंग्लंडमध्ये १९९९ साली सॅली क्लार्क या मातेस दोन अर्भकांच्या हत्येबद्दल शिक्षा झाली. एका घरात असे दोन मृत्यू नैसर्गिक असण्याची शक्यता ७ कोटी ३० लाखांत एक, असे एका नामवंत बालरोगतज्ज्ञाने सांगितले होते. तो हिशेब चुकीचा होता. २००३ साली ती निर्दोष सुटली.

म्हणूनच १९९९ मधील आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा एक निर्णय ध्यानी ठेवण्याजोगा आहे. तो खटला वस्तुतः हिमाचल प्रदेशातील सफरचंदांसंबंधीचा होता. परंतु त्यातील तत्त्व सर्व तज्ज्ञांस लागू पडते. तज्ज्ञाने केवळ निष्कर्ष सांगून भागत नाही. तो पारखण्याची शास्त्रीय कसोटीही न्यायाधीशाच्या हाती द्यावी लागते. जखम कोठे, केवढी, तिचे छायाचित्र काढले काय, सर्व हाडांची तपासणी झाली काय, रक्त तपासले काय, आईबापांनी सांगितलेल्या हकीकतीने ती होऊ शकते काय, इतर कारणे कशावरून वगळली, हे ज्या अहवालात आहे त्याचेच वजन.

येथे चूक दोन्हीकडे होऊ शकते. एका चुकीने मूल घातकी हातांत परत जाते, तर दुसरीने निर्दोष आईच्या कुशीतून ओढले जाते. दोन्ही चुकांचे फळ भोगते ते मूलच. कोणत्या विकाराचा विचार केला आणि तो कशावरून सोडला, हे डॉक्टरने लिहिलेले एक वाक्य पुष्कळदा त्या मुलाचे घर ठरविते.