अल्पसंख्याकांचे आंतरराष्ट्रीय संरक्षण

अल्पसंख्याकांचे आंतरराष्ट्रीय संरक्षण : धर्म, वंश वा भाषा यांमुळे वेगळ्या ठरणाऱ्या आणि संख्येने अल्प असलेल्या समाजाचा त्याच्याच राज्यात छळ होऊ नये, म्हणून त्या राज्याबाहेरील शासनांनी, संघटनांनी अथवा सधर्मीयांनी केलेली व्यवस्था. सार्वभौम राज्याने आपल्या प्रजाजनांना कसे वागवावे, हा त्याचा अंतर्गत प्रश्न होय, या तत्त्वाशी अशा व्यवस्थेचा प्रथमपासूनच विरोध आहे. त्यामुळे तिचे यश कराराच्या शब्दांपेक्षा, त्यामागे कोण उभे आहे आणि संबंधित राज्याला त्याची कितपत गरज आहे, यांवर अवलंबून राहिलेले दिसते.

या प्रकारच्या प्रयत्नांचे एक जुने व यशस्वी उदाहरण मुंबईतील आहे. इराणातील झरथुष्ट्री समाज एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास यझ्द व केरमान या भागांत कसाबसा तग धरून होता. त्याला जिझिया कर द्यावा लागे. घोड्यावर बसणे, उंच घर बांधणे, रंगीत वस्त्रे वापरणे यांस मनाई होती. कुटुंबातील एखाद्याने इस्लामचा स्वीकार केल्यास नातलगांच्या मालमत्तेवर त्याचा हक्क पोहोचे. या त्रासाला कंटाळून काही कुटुंबे मुंबईस येत. यझ्दहून पित्यासह आलेल्या गुलिस्तानबानू यांचा विवाह मुंबईतील फ्रामजी भिकाजी पांडे यांच्याशी झाला व त्यांचे घर निर्वासितांचे आश्रयस्थान बनले. त्यांचे पुत्र बर्जोरजी यांनी १८३४ मध्ये निर्वासितांसाठी निधी सुरू केला. दुसरे पुत्र मेहरवानजी यांच्या पुढाकाराने इराणातील झरथुष्ट्रींची स्थिती सुधारण्यासाठी मुंबईत संस्था स्थापन झाली व तिने १८५४ मध्ये माणेकजी लिमजी हातरिया (१८१३–९०) यांना प्रतिनिधी म्हणून इराणला पाठविले.

हातरिया यांनी प्रथम समाजाची शिरगणती केली ती सुमारे सात हजारांची भरली. अग्यारी व दख्मे यांची दुरुस्ती, शाळा, गरीब मुलींचे विवाह ही कामे त्यांनी हाती घेतली. तथापि त्यांचे मुख्य लक्ष जिझियाकडे होते. त्याची रक्कम राज्याच्या दृष्टीने क्षुल्लक होती परंतु ती गोळा करताना मधले अधिकारी अधिक उकळीत आणि वसुलीसाठी मारहाण करीत. कर रद्द व्हावा म्हणून तेहरानच्या दरबारी अर्जांमागून अर्ज गेले. पारशी हे ब्रिटिश प्रजाजन असल्याने ब्रिटिश वकिलातीचा पाठिंबा मिळविता आला. १८७३ मध्ये नासिरुद्दीन शाह लंडनला आला असता नवरोजी फर्दुनजी, दादाभाई नवरोजी प्रभृतींचे शिष्टमंडळ त्यास भेटले व इराणमधील माजी ब्रिटिश वकील सर हेन्री रॉलिन्सन हेही त्यात सामील झाले. त्याच दौऱ्यात पॅरिसमध्ये ज्यू संघटनेच्या शिष्टमंडळाने इराणी ज्यूंसाठी शाहची भेट घेतली होती. अखेर १८८२ मध्ये फर्मान निघून झरथुष्ट्रींवरील जिझिया रद्द झाला. या अठ्ठावीस वर्षांच्या खटपटीत मुंबईकर पारशांचे एक लाखाहून अधिक रुपये खर्ची पडले. फर्मानाने तेहरानमधील कायदा बदलला यझ्दच्या गल्लीतील वागणूक बदलण्यास आणखी बराच काळ लागला. म्हणूनच त्यानंतरही इराणी झरथुष्ट्री मुंबईस येत राहिले. गिरगावपासून दादर-माटुंग्यापर्यंतच्या नाक्यांवरील इराणी उपाहारगृहे ही बव्हंशी याच स्थलांतराची देणगी होय.

पहिल्या महायुद्धानंतर हा प्रश्न खाजगी संस्थांच्या हातून राष्ट्रसंघाकडे आला. २८ जून १९१९ रोजी पोलंडशी झालेल्या तहापासून पूर्व युरोपातील अनेक राज्यांना अल्पसंख्याकांच्या हक्कांची हमी द्यावी लागली व पीडितांचे अर्ज राष्ट्रसंघाच्या मंडळापुढे येऊ लागले. १९३३ मध्ये फ्रान्झ बेर्नहाइम या नोकरीतून काढलेल्या ज्यूच्या अर्जामुळे अपर सायलीशियात नाझींचे ज्यूविरोधी कायदे काही वर्षे स्थगित राहिले. तेथे लागू असलेल्या जर्मन-पोलिश कराराची मुदत १९३७ मध्ये संपताच ते संरक्षणही संपले. विजेत्या मोठ्या राष्ट्रांनी स्वतःवर असे बंधन घेतले नव्हते, हा या व्यवस्थेतील मूळ दोष पोलंडने १९३४ मध्ये आपली हमी झुगारताना नेमका पुढे केला.

भारत व पाकिस्तान यांच्यात ८ एप्रिल १९५० रोजी झालेला नेहरू-लियाकत अली करार याच परंपरेतील आहे. दोन्ही राज्यांनी अल्पसंख्याकांना समान नागरिकत्वाची हमी दिली, अल्पसंख्याक आयोग नेमण्याचे मान्य केले व परतणाऱ्यांच्या मालमत्तेची तरतूद केली. कराराचा रोख मुख्यतः दोन्ही बंगाल व आसाम यांकडे होता. श्यामाप्रसाद मुखर्जी व क्षितीशचंद्र नियोगी यांनी कराराच्या वेळीच भारतीय मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला, तर पाकिस्तानचे कायदेमंत्री जोगेंद्रनाथ मंडल यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पद सोडले. पश्चिमेकडील निर्वासितांना हा करार उशिराचाच ठरला. जानेवारी १९४८ मधील कराचीच्या दंगलीनंतर सिंधी हिंदूंचे लोंढे बोटींनी मुंबईस येऊन थडकले होते. कल्याणच्या छावणीतून उल्हासनगर वसले. मुंबईत चेंबूर, मुलुंड व शीव येथे वसाहती झाल्या.

संयुक्त राष्ट्रांनी १९४८ चा वंशसंहारविरोधी करार, १९६६ च्या नागरी व राजकीय हक्कांच्या करारातील अनुच्छेद २७ आणि १९९२ ची घोषणा यांद्वारे मानवी हक्कांच्या अंगाने हाच विषय हाताळला. अंमलबजावणी मात्र बव्हंशी राज्यांच्या इच्छेवर राहिली. इराणच्या १९७९ च्या संविधानाने झरथुष्ट्री, ज्यू व ख्रिस्ती यांना अल्पसंख्याक मानले बहाई पंथीयांना ती मान्यता नाकारली गेली व त्यांचा छळ संयुक्त राष्ट्रांच्या ठरावांनंतरही चालू राहिला. निर्वासितांविषयीच्या १९५१ च्या करारावर भारताची सही नाही. फाळणीतील विस्थापितांचे पुनर्वसन केंद्र शासनाने स्वतःच्या खात्यामार्फत केले.

शीव कोळीवाड्यात या पुनर्वसनातून पंजाबी व सिंधी कुटुंबांसाठी २५ इमारती उभ्या राहिल्या. वस्तीस व पुढे कोळीवाडा रेल्वे स्थानकासही गुरू तेगबहादूर यांचे नाव मिळाले. काश्मिरी पंडितांच्या धर्मस्वातंत्र्यासाठी त्यांनी १६७५ मध्ये दिल्लीत प्राण दिले, अशी शीख परंपरा आहे. कालांतराने या इमारती मोडकळीस येऊन धोकादायक ठरल्या आणि त्यांच्या पुनर्विकासाचे काम म्हाडाकडे आले.