हौद पाहावा घासून

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ असे म्हणतात. ‘हौद पाहावा घासून’ अशी त्यात भर घालायला माझी हरकत नाही! यंदा आषाढात तळेगावला जुना बंगला घेतला आणि त्याबरोबर पोहण्याचा एक हौदही पदरात पडला. पाणी हिरवेगार, वर शेवाळाची साय.

“अहो, आधी यात माती भरा,” सौ. म्हणाली. तिचे खोटे नव्हते. साठलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत डासांची नवी पिढी उडते. शिवाय आमच्या सात वर्षांच्या धाकटीला पोहता येत नाही.

मी हौद उपसायला निघालो, तोच शेजारच्या म्हाताऱ्या गवंड्याने अडवले. “मास्तर, भर पावसात रिकामा करू नका. जमिनीतलं पाणी खालून रेटतं, तळ फुटेल.”

हिशेब केला. 20 फूट लांब, 10 रुंद, सरासरी 4 खोल; म्हणजे सुमारे 22,600 लिटर! जाळीने पाला काढला, भिंती घासल्या, गाळणयंत्र दुरुस्त केले. उन्हात क्लोरीनचा जोर ओसरतो, म्हणून ते सूर्यास्तानंतर टाकू लागलो. दहाव्या दिवशी तळाची निळी फरशी दिसली. मी विजयी मुद्रेने सौ.कडे पाहिले.

“आणि कुंपण?” तिने विचारले.

मी वरमलो. हिरव्या पाण्याला पोर भीत होती. या निळ्या पाण्याने तिला बोलावलेच असते!

कुंपण झाले, दाराला कुलूप लागले. नवरात्रात पाठीला डबा बांधून धाकटीचे शिक्षण सुरू झाले. किल्ली मात्र अजून सौ.च्याच कमरेला असते.