पहिली आज्ञावली : संगणक अक्षरे कशी मोजतो?



संगणकाला क्रमवार दिलेल्या लेखी सूचनांना आज्ञावली किंवा प्रोग्राम म्हणतात. या सूचना ज्या भाषेत लिहिल्या जातात, तिलाही स्वतःचे व्याकरण असते. येथे आपण पायथॉन या भाषेत दोन ओळींची आज्ञावली लिहून चालवणार आहोत. ही भाषा १९९१ मध्ये प्रथम प्रसृत झाली असून ती विनामूल्य मिळते.

कृती

विंडोज संगणकावर पायथॉन बसवल्यावर तिच्यासोबत येणारे ‘आयडल’ उघडा व नवी फाइल घ्या. पहिल्या ओळीत रोमन लिपीतील लहान अक्षरांत ‘प्रिंट’, म्हणजे पी-आर-आय-एन-टी, असे लिहा. लगेच गोल कंस उघडून त्यात सरळ दुहेरी अवतरणचिन्हांमध्ये ‘विद्यार्थी’ हा शब्द देवनागरीत लिहा आणि कंस पूर्ण करा. दुसऱ्या ओळीत पुन्हा प्रिंट लिहून कंस उघडा. त्यात ‘लेन’, म्हणजे एल-ई-एन, लिहा आणि लेनच्या स्वतंत्र कंसात तोच शब्द अवतरणचिन्हांसह द्या. शेवटी दोन्ही कंस पूर्ण करा. फाइल जतन करून एफ ५ ही कळ दाबा.

एखादे अवतरणचिन्ह सुटल्यास ‘सिंटॅक्स एरर’ अशी सूचना येते. सिंटॅक्स म्हणजे वाक्यरचना. अपुरे वाक्य आपण संदर्भाने समजून घेतो; संगणक तसे करीत नाही. म्हणून ही सूचना म्हणजे आपल्या अपात्रतेचा निर्वाळा नव्हे, मुद्रितशोधकाची खूण समजावी. दुरुस्ती करून आज्ञावली पुन्हा चालवावी.

विवेचन

पडद्यावर आधी ‘विद्यार्थी’ हा शब्द व त्याखाली १० ही संख्या उमटेल. वि, द्या, र्थी अशी आपण ३ अक्षरे मोजतो. मग १० कशी? युनिकोड या संकेतप्रणालीत व्यंजन, स्वरचिन्ह आणि हलन्तचिन्ह यांना वेगवेगळे क्रमांक आहेत. त्यानुसार व, ऱ्हस्व इकार, द, हलन्त, य, काना, र, हलन्त, थ, दीर्घ ईकार अशी १० चिन्हे होतात. ऱ्हस्व इकार लेखनात व्यंजनाआधी दिसत असला, तरी उच्चारक्रमानुसार तो नंतर साठवला जातो. वर्ण मोजले तर मात्र व्, इ, द्, य्, आ, र्, थ्, ई असे ८ भरतात.

३, ८ आणि १० ही तिन्ही उत्तरे बरोबर आहेत. काय मोजायचे, हे आधी ठरवावे लागते. मोठ्या अभंगाच्या पहिल्या तीन चरणांत प्रत्येकी ६ आणि चौथ्यात ४ अक्षरे असतात. केवळ लेनच्या आधारे अभंग तपासणारी आज्ञावली निर्दोष अभंगालाही सदोष ठरवील. ही चूक संगणकाची नसून ‘अक्षर’ या संज्ञेची व्याख्या न करणाऱ्याची असेल. ती व्याख्या करणे हे भाषेच्या अभ्यासकाचे काम आहे.

स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. ‘स्त्री’ या शब्दातील अक्षरे, वर्ण आणि युनिकोड चिन्हे आधी स्वतः मोजा. नंतर आज्ञावली चालवून चिन्हांची संख्या पडताळा.
२. ‘कमळ’ या शब्दात चिन्हांपेक्षा वर्ण अधिक का भरतात?